चुन्याचा ठिपका

“फुर्रर्र! बाद! ही पोट्टी बाद!” खुशालरावांनी गाल फुगवून शिटी फुंकली आणि संत्र्याच्या झाडावरचे पोपट भर्रकन उडाले.

फलक जागच्या जागी थिजली. तिच्या हातात काठी होती, समोर चेंडू, आणि चेंडूपासून वीतभर अंतरावर जमिनीत पुरलेला रंगाचा रिकामा डबा.

“मी हात नाही लावला, काका! पायसुद्धा नाही!”

“मंग ठिपका तीन हात मांगं अन् चेंडू इथं कसा? पाय फुटले का त्याले?”

खरं तर दामिनीला आनंद व्हायला हवा होता. फलक बाद झाली तर दिवाळीच्या सुट्टीतली शेंदूरजनाघाटची गोल्फ स्पर्धा दामिनीच जिंकणार होती. आणि गयासुद्दीनचाचांची लोखंडी तोंडाची पटर तिचीच होणार होती! चेंडू डब्यात हळूच ढकलायच्या त्या काठीवर तिचा तीन वर्षांपासून डोळा होता.

गयासुद्दीनचाचा म्हणजे फलकचे नाना. तीस वर्षं नागपुरात गोल्फच्या मैदानाची निगा राखून ते गावी परतले, पण गोल्फचं वेड काही सुटलं नाही. दामिनीच्या बाबांच्या संत्राबागेलगतच्या पडीक जागेत त्यांनी पाच डबे पुरले. मैदानासारखं मऊ गवत कुठून आणणार? मग प्रत्येक डब्याभोवती शेणानं सारवून गोल अंगण केलं! चेंडू अंगणात आला की पानाच्या डबीतला चुना बोटावर घ्यायचा आणि चेंडूमागे ठिपका द्यायचा, ही चाचांची रीत. पंच मात्र कधीच नव्हता. चाचा म्हणत, “या खेळात आपला पंच आपणच!” यंदा मोतिबिंदूमुळे त्यांना चेंडू दिसेना, तेव्हा खुशालराव शिटी आणि प्लास्टिकची खुर्ची घेऊन आपणहून पंच झाले होते. गोल्फमधला ‘ग’ माहीत नसताना!

दामिनीचा खेळ एकोणीस फटक्यांत संपला होता. फलकचे सतरा झाले होते आणि शेवटच्या डब्याच्या अंगणात तिचा चेंडू पोचला होता. तेवढ्यात दामिनीची आई, आशाबाई, चिवडा घेऊन आली आणि सगळी पोरं विहिरीकडे पळाली. सर्वांत आधी परतली ती फलक. तिथेच घात झाला!

चाचांनी चाचपडत नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

“बेटा, तुझा पाय लागला का?”

“नाही, नाना.”

“बस. मले दुसरं काही नाही विचारायचं.”

पण बाकीची पोरं कुजबुजू लागली होती. फलकच्या गालांवरून पाणी ओघळलं. सुट्टीपुरती अकोल्याहून आलेली ती. दहा वर्षांचा धाकटा भाऊ दानिश सोडला तर तिच्या बाजूनं भांडायला तरी कोण होतं?

दामिनीला सकाळची गोष्ट आठवली. दुसऱ्या डब्याच्या वाटेवर, गवतात, फलकची काठी नुसती घासली आणि चेंडू बोटभर सरकला. कोणीही पाहिलं नव्हतं. तरी तीच ओरडली होती, “माझ्या काठीनं हलला! एक फटका वाढवा!” चेंडू जागेवर ठेवून तिनं दंडाचा फटका मोजून घेतला होता. अशी मुलगी लबाडी करील? शक्यच नाही!

गप्प बसलं तर पटर आपली. तरी दामिनी ठिपक्याजवळ गुडघ्यांवर बसली.

“दानिश, इकडं ये! हे पाह्य बरं!”

सारवणावर दोन ओरखडे उमटले होते. ते उन्हातून निघून थेट झाडाच्या सावलीत गेले होते. त्यातला एक चुन्याच्या ठिपक्यावरून गेला होता, त्यामुळे ठिपक्याला पांढरी शेपटी फुटली होती!

“सकाळी आईनं सारवलं तवा हे नव्हते,” दामिनी पुटपुटली.

दोघांनी ओरखड्यांमागे नजर नेली. शेवटाला खुशालरावांची खुर्ची होती आणि खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घालून खुद्द खुशालराव!

“काकांना सांगू?” दानिशचे डोळे चमकले.

“सांगून ऐकतीन का ते? दाखवू!”

“काका, तुमचा चिवडा राहिला!” दानिशनं हाक मारली. खुशालराव लगबगीनं विहिरीकडे गेले. तेवढ्यात दामिनीनं खुर्ची अलगद उचलून पुन्हा उन्हात ठेवली आणि आपला चेंडू ठिपक्यावर मांडला. काका परतले, मोबाइल बघतच बसले.

“काका, उन्हानं डोकं दुखीन न तुमचं!” दामिनी गोड आवाजात म्हणाली.

“हो व, लय चटके लागून राहिले!” काका उठले. डोळे मोबाइलवरच! एका हातानं खुर्चीची पाठ धरून त्यांनी ती खर्रर्र करत ओढली. खुर्चीचा पाय चेंडूला लागला. टक्! चेंडू घरंगळला आणि डब्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“फुटले, काका, चेंडूले पाय फुटले! प्लास्टिकचे!” दानिश ओरडला.

पोरं खो खो हसली. खुशालरावांचा चेहरा पडला. माणूस धांदरट, पण मनाचा मोठा. त्यांनी गळ्यातली शिटी काढली.

“चुकलो, पोरी. लेकरावर उगाच आळ घेतला. चाचा, आता दंड कोणाले?”

“कोणालेच नाही. बाहेरच्यानं चेंडू हलवला तर दंड नसतो. ठिपक्यावर ठेवायचा अन् खेळायचं.”

फलकनं डोळे पुसले. तीन हातांचं अंतर. तिनं श्वास रोखून काठी हलवली. चेंडू सरळ गेला आणि टण्णकन डब्यात पडला. अठरा!

एका फटक्यानं पटर गेली! दामिनीचे डोळे चुरचुरले, पण पहिली टाळी तिनंच वाजवली.

फलकच्या हाती पटर देऊन चाचांनी दामिनीला जवळ घेतलं.

“तू गप राह्यली असती तर पटर तुझी होती. मले तर दिसतही नाही.”

“पण मले दिसलं होतं न, चाचा!”

चाचांनी खिशातली चुन्याची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. “तीस वर्षांपासून हे माझ्यापाशी हाय. आता ठिपका तू देत जाजो. तुझ्या बोटावर माझा भरवसा हाय, बेटा.”

दामिनीनं डबी मुठीत घट्ट धरली. फलकनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि दोघी आशाबाईंचा उरलेला चिवडा खायला निघाल्या. त्यांच्या पुढून खुशालराव घरी चालले होते. खुर्ची त्यांनी चांगली डोक्यावर उचलून घेतली होती!