बालवाडीच्या भिंतीवरचा जिराफ

राजारामपुरीतल्या आमच्या बालवाडीत सकाळी शिरले, वर बघितलं आणि कपाळावर हातच मारला. शिडीवर चढून चमन पेंटर भिंतीवर जिराफ काढत होता.

"अहो पेंटर, जिराफाला म्हशीची शिंगं? वर लाल रंग, मोरपीस?"

"मग! दिवाळीच्या पाडव्याला निम्म्या कोल्हापूरच्या म्हशी मीच सजवतो, बाई. जिराफ कुठं बघितलाय मी?"

चौऱ्याहत्तर साल. मी नवीनच बाई झालेले, आणि मेलं हसू काही आवरेना...

दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चहा नेला. का, कुणास ठाऊक!

"हे जिराफ नाव कुणी ठेवलं हो?" त्यानं विचारलं.

"अरबांचं आहे. ते जराफा म्हणतात. माझे आजोबा फारसी शिकवायचे, ते सांगायचे, इराणात त्याला उंट-बैल-बिबट्या म्हणायचे. मान उंटाची, खूर बैलाचे, ठिपके बिबट्याचे. नवं काही दिसलं की माणूस ओळखीचंच नाव देतो."

"मग मी बी तेच केलं की!" तो हसला. मग एकदम हळू आवाजात – "आन् बाई... तुम्ही आलात की छातीत धडधडतंय, त्याला काय नाव द्यायचं?"

"ऊन लागलं असेल," म्हटलं आणि पळाले. माझीच छाती धडधडत होती.

त्यानंतर जिवाला चैन म्हणून नाही. शुक्रवारी मलकापूरची माणसं मला बघायला येणार होती. अब्बांच्या मनातून ठरल्यातच जमा. भिंत संपत आलेली, आणि हा बाबा आपला ठिपके देत बसलाय! एक शब्द बोलेल तर शपथ.

गुरुवारी मीच शिडीखाली उभी राहिले.

"चमन, उद्या मला बघायला येताहेत. काही बोलायचं असलं तर आज बोल. नाहीतर... राहू दे."

तो सरसर खाली उतरला, पायात चपला सरकवल्या.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या अब्बांकडं."

"अरे, हात तरी धू!"

"हात धुवायला गेलो तर धीर सुटंल की गं!"

अब्बा दारातच बसले होते. "कोण पावणं?"

"चमन पेंटर. सलिमाला मागायला आलोय."

अब्बांनी त्याचे रंगानं माखलेले हात बघितले, मग माझ्याकडं वळले.

"तुझं काय म्हणणं?"

"व्हय," मी म्हणाले. बाईपणाचं शुद्ध मराठी पार विसरले.

"मग मलकापूरला नको म्हणून सांगायला कोण जाणार?" अब्बा कडाडले.

"मी जातो की! आत्ताच्या गाडीनं!"

"एकटा जाऊन मार खाशील," अब्बा उठले. "थांब, टोपी घालून येतो."