हिरवा ठिपका

ती त्या दुकानात शिरली ती लपायला. रस्त्याच्या पलीकडे एक करडी गाडी हळू झाली, अगदी नवऱ्याच्या गाडीसारखी, आणि समोर जे दार दिसलं ते तिनं ढकललं. बाहेर पावसाची रिपरिप होती. आत सोल्डरचा जळका वास, टेबलावर पोट उघडून पडलेले फोन, आणि त्यांच्यावर वाकलेलं एक विस्कटलेलं डोकं.

गाडी पुढे निघून गेली. तिच्यात कोणी म्हातारे गृहस्थ होते. तरी ती दाराजवळून बाहेरच बघत राहिली.

"बोला, काय झालंय फोनला?" डोकं खालीच ठेवून त्यानं विचारलं.

"काही नाही... म्हणजे... मारायचाय."

आता डोकं वर आलं. कपाळावर भिंग, भिंगाखाली दोन झोपाळू डोळे. "मारायचाय? आमच्याकडे मेलेले जिवंत करून देतात. उलटं काम पहिल्यांदाच आलंय."

तिला हसू आलं नाही. तिनं फोन काउंटरवर ठेवला आणि हात मागे घेतला. त्या फोननं तिचं आयुष्य नासवलं होतं. साखरपुड्यात नवऱ्यानं दिलेला. लग्नानंतर कळलं, की ती बाजारात गेली, मावशीकडे गेली, नुसती कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली, तरी त्याला दिसतं. सेटिंग उघडलं की फोन सांगायचा, मालकाची परवानगी घ्या. मालक म्हणजे तो. ती घर सोडून मावशीकडे आली, तर तिसऱ्याच दिवशी हा मावशीच्या जिन्यात बसलेला. एकदा तिनं नवा फोन घेतला; नंबर परत मिळावेत म्हणून त्यात जुनं खातं टाकलं, आणि त्या खात्यातून तो पुन्हा आत. मावशीच्या जिवाला घोर नको म्हणून तिनं गाव बदललं. इथे येऊन आठवडा होत होता, आणि फोन बंद ठेवूनही तिला झोप नव्हती.

हे सगळं तिनं एका अनोळखी माणसाला का सांगितलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. त्यानं मध्ये एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही, म्हणून असेल.

"म्हणजे घर तुम्ही वापरायचं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात," तो म्हणाला. "हा फोन तुमचा कधीच नव्हता, बाई."

मग त्यानं तो सुरू करून पाहिला, आत काही वाचवण्यासारखं आहे का ते शोधत बसला, आणि शेवटी मान हलवली. "याला मारू नका. फिरायला पाठवू. समोरून लांबच्या गावची बस सुटते. मागच्या सीटखाली टाकून देऊ. तुमच्या मालकांना जरा देशाटन घडू दे."

आता मात्र ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल, देव जाणे. हसताना तिनं तोंडावर हात घेतला, आणि तो उगाचच एक स्क्रू शोधू लागला. फोन त्या दिवशी बसनं गेला. जाण्याआधी तासभर तो चालू अवस्थेत त्याच काउंटरवर पडून होता, हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

त्या बाजारात सगळे त्याला 'स्क्रू' म्हणत, एक ढिला आहे म्हणून. तसा तो होताच थोडा. गिऱ्हाइकाचा फोन स्वतः उघडायचा नाही, हा त्याचा नियम. गिऱ्हाइकाच्याच हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा. निम्मे लोक वैतागून शेजारच्या दुकानात जात.

तिच्यापुढे त्यानं एक जुना, कडा उडालेला फोन ठेवला. "यातली कंपनीची प्रणाली मी काढून टाकलीय. आता ओपन सोर्सवाली भरायची. म्हणजे आत काय चालतं ते कोणालाही वाचता येतं, बदलता येतं. लपवाछपवी नाही. घ्या, तुम्हीच भरा."

"मी? मी कवळ्या बनवते हो, दातांच्या दवाखान्यात. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"कवळी बसली नाही तर काय करता?"

"घासते. पुन्हा बसवते. पुन्हा घासते."

"झालं तर मग. इथेही तेच."

दवाखाना सुटला की ती तिथे येऊ लागली. फोन दोनदा अर्ध्यावर अडकला, एकदा पार काळा पडला. "गेला," ती म्हणाली. "गेला नाही, रुसलाय," तो म्हणाला. अखेर पडदा उजळला आणि त्यानं पासवर्ड मागितला, तेव्हा स्क्रू उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?"

"टाका पासवर्ड. झाला की 'झालं' म्हणा."

ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. शर्टाची शिलाई खांद्यावर उसवली होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिच्या हातातल्या पडद्यापासून कोणी मान वळवली नव्हती. तिचे डोळे भरून आले. "झालं," ती म्हणाली, पण जरा उशिरानं, डोळे पुसून.

"आणि हे लक्षात ठेवा," वळून त्यानं पडद्याचा वरचा कोपरा दाखवला. "तुम्ही कुठे आहात हे कोणीही या फोनला विचारलं, तर इथे हिरवा ठिपका पेटतो. तो कोणाला लपवता येत नाही. मलासुद्धा नाही."

"तुम्ही कशाला विचाराल?"

"तेच म्हणतो... कशाला विचारीन!" असं म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

फोन तयार झाला, तरी तिचं येणं थांबलं नाही. कधी आवाज बारीक होता, कधी बटण घट्ट होतं. दुकानात येण्यासाठी फोनला इतके आजार कोणी काढले नसतील. तो तिला 'कवळीबाई' म्हणू लागला, ती त्याला 'अहो स्क्रू' म्हणे, आणि कधीतरी चहाच्या दोन कपांमध्ये 'अहो' गळून पडलं. ती दार बंद करून निघाली की तो विचारायचा, "पोचल्यावर सांगशील?" ती म्हणायची, "मनात आलं तर." आणि दर वेळी सांगायची.

एकदा दवाखान्यात प्लास्टर कालवताना फोन वाजला, हात भरलेले म्हणून तो उचलता आला नाही, आणि ती तशीच धावत त्याच्याकडे आली. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे.

"मावशीचा फोन होता बहुतेक. लाव ना जरा. खिशातून काढ."

त्यानं काढला आणि तिच्यासमोर धरला. "पासवर्ड."

"तूच टाक. सांगते."

"नको."

"अरे, हात बघ माझे!"

"धुऊन ये. मी थांबतो."

ती त्याच्याजवळ गेली. अगदी जवळ. आणि त्याच्या कानात तिनं आपला पासवर्ड सांगितला... हळू, एकेक अक्षर. जन्मात तिनं कोणाला याहून मोठं काही दिलं नव्हतं, आणि हे त्यालाही कळलं. फोन दोन्ही हातांनी धरून त्यानं एकेक अक्षर जपून टाकलं. तिच्या प्लास्टरचा पांढरा ठसा त्याच्या बाहीवर उमटला. तो शर्ट त्यानं पुढे धुतला नाही, असं तो म्हणायचा. खरं-खोटं त्यालाच ठाऊक.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका आजोबांच्या कवळीला आकार देत होती. शेजारी फोन उताणा पडला होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटला, आणि क्षणात विझला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कवळी हातातून सुटून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्यानं गाठलं... इथेही गाठलं. एप्रनवरच ती बाहेर पडली आणि जीव मुठीत धरून धावत सुटली. जगात धावत जाण्यासारखी तिला एकच जागा होती.

"पेटला!" दुकानात शिरता शिरता ती म्हणाली. "ठिपका पेटला. तो आलाय. आत शिरलाय. बघ ना! बघ, काढ त्याला!"

स्क्रूनं फोन घेतला नाही. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"तो नाही," तो म्हणाला. "मी आहे."

तिला आधी अर्थच लागला नाही.

"परवा तू फोन इथे चार्जिंगला ठेवून दवाखान्यात गेलीस, तेव्हा... पासवर्ड माहीत होता. मी एक छोटा प्रोग्राम टाकला. फक्त पोचलीस की नाही ते बघायला. आज तुला यायला उशीर झाला, म्हणून..."

"का?"

"तो इथे आला होता. दुकानात. तुझा फोटो दाखवत होता. तुझा जुना फोन बसमध्ये जाण्याआधी इथे तासभर चालू होता ना, ती जागा त्याला दिसली. चूक माझीच. मी म्हटलं, ओळखत नाही. गेला तो. पण गावातून गेला की नाही ते माहीत नाही. माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही गं."

"कधी आला होता?"

"गेल्या आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात," ती म्हणाली. "आणि मी रोज इथून एकटी घरी जात होते. गाणं गुणगुणत."

"तुझ्या भल्यासाठीच सांगितलं नाही. घाबरली असतीस."

"माझं घाबरणं माझं आहे!" तिचा आवाज फाटला. "मी घाबरले असते, रस्ता बदलला असता, गाव सोडलं असतं. काय करायचं ते मी ठरवलं असतं. तू ठरवलंस. तोही असंच म्हणायचा, माहीत आहे? तुझ्या भल्यासाठी. अगदी हेच शब्द."

"मी तसा नाही."

"नाहीस. म्हणून तर तुला पासवर्ड दिला होता."

तो खुर्चीवर बसला. "माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला. याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती, आणि तेही त्याला कळत होतं. "हे काही सबब म्हणून नाही सांगत. तू जाशील, आणि सांगायचं राहून जाईल, म्हणून."

बाहेर पाऊस लागून राहिला होता. तिला त्याचे केस विस्कटायचे होते, आणि फोन त्याच्या कपाळावर फेकूनही मारायचा होता.

"वळ," ती म्हणाली. "भिंतीकडे तोंड कर. पासवर्ड बदलायचाय."

तो उठला आणि वळला. तीच उसवलेली शिलाई. तिनं नवा पासवर्ड टाकला. मग त्याचा तो प्रोग्राम उघडला. काढून टाकायला एक बोट पुरे होतं. तिचं बोट त्यावर थांबून राहिलं. नंतर तिनं फोन खिशात घातला, दार आवाज न करता उघडलं आणि ती निघून गेली. 'झालं' म्हणाली नाही. कोपऱ्यावरून तिनं वळून पाहिलं, तेव्हा काचेपलीकडे तो अजून तसाच पाठमोरा उभा होता.

त्याच दिवशी तिनं गाव सोडलं.

नव्या गावातली खोली जिन्याखालची होती. दवाखानाही बेताचा, मुंग्या प्लास्टरच्या पोत्यापर्यंत यायच्या. रस्त्यावर गाडी हळू झाली की ती अजून दिवा मालवायची. मावशीखेरीज कोणाला पत्ता नव्हता. ती काम करायची, जेवायची, आणि फोन समोर उताणा ठेवून बसायची.

प्रोग्राम तिनं काढला नव्हता. का, ते तिला शब्दांत सांगता आलं नसतं. हा वेडेपणा आहे हे कळत होतं. पण आयुष्यात एकदा तरी तिला बघायचं होतं, की ज्याला बघता येतं तो माणूस न बघता राहू शकतो का. पहिले काही दिवस ती त्या कोपऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून बघायची. पेटला की संपलं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. पाऊस संपला, हवा बदलली, रस्ते कोरडे झाले. ठिपका पेटला नाही.

मग एका संध्याकाळी, कवळी घासता घासता, तिनं नंबर लावला.

"हॅलो?" तोच झोपाळू आवाज. पण खंगलेला.

"मी बोलते."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. बहुतेक स्क्रूंची डबी. मग ते गोळा करण्याची खुडबुड.

"जेवलीस?" त्यानं विचारलं.

"अजून नाही."

"तब्येत?"

"बरी आहे. कवळ्या मोडत नाहीत हल्ली."

"काम आहे म्हणजे. छान." त्यानं हवापाणी विचारलं, मावशी कशी आहे विचारलं, फोन गरम होतो का तेही विचारलं. एक प्रश्न तो ओलांडून ओलांडून जात होता, आणि त्या ओलांडण्याचा त्याला किती त्रास होतोय ते तिला ऐकू येत होतं.

"तुझा तो प्रोग्राम," ती म्हणाली.

"काढला असशीलच. बरं केलंस."

"नाही काढला."

"काय?"

"आहे अजून. चालू आहे. इतके दिवस तुला कधीही बघता आलं असतं."

तो अगदी हळू म्हणाला, "मला माहीतच नव्हतं. खरंच सांगतो, मी एकदाही..."

"माहीत आहे रे. ठिपका मला दिसतो ना."

पलीकडे तो रडत होता. तिनं रडू दिलं. तिच्याही हातातली कवळी धूसर झाली होती. मग तिनं आपण होऊन त्याला गावाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, जिन्याखालची खोली सांगितली.

"येऊ?" त्यानं विचारलं.

तिला 'ये' म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. "आत्ता नको," ती म्हणाली. "मी बोलावीन."

"आणि तोवर?"

"तोवर भिंतीकडे तोंड करून उभा राहा."

"बरं," तो म्हणाला. किती दिवस ते त्यानं विचारलं नाही.

तिनं फोन ठेवला. खोलीत अंधारून आलं होतं. तिनं प्रोग्राम उघडला आणि या वेळी तो काढून टाकला, आता त्याची गरज नव्हती म्हणून. रिकाम्या खोलीत ती स्वतःशीच हळूच म्हणाली, "झालं." मग दिवा लावून तिनं अर्धी राहिलेली कवळी पुन्हा हातात घेतली.