शेवटची सोळा पानं

वाचनालयात दर रविवारी सकाळी मंडळी गोल करून बसत आणि अलीकडे काय वाचलं ते एकमेकांना सांगत. फाटकी पुस्तकं शिवून देणारा बाइंडर दाराजवळच्या स्टुलावर बसे. त्याला सांगायचं काही नसे. तो येई तो चित्रकलेच्या बाईंना ऐकायला. आजवर त्यांच्याशी त्याचं बोलणं म्हणजे "जरा सरकता का?" आणि "हो, हो..." एवढंच.

आज बाईंच्या हातात जाडजूड प्रेमकथा होती.

"शेवट तर अफाट!" त्या म्हणाल्या. "दोघांचं भांडण होतं, ती दार आपटून निघून जाते... आणि पुढची सोळा पानं नुसत्या मधमाश्या! पेटी कुठे ठेवावी, धूर कसा करावा... दुःख विसरायला ती मधमाश्या पाळते. एका शब्दानं सांगितलेलं नाही—आपण ओळखायचं!"

"वा!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाइंडरला एकदम आठवलं. दोन पुस्तकं, दोन्हींची शेवटची पानं सुटलेली, एकाच दिवशी त्याच्याकडे आलेली... गप्प बसलं तर निभावेल?

तेवढ्यात पेन्शनर काकांनी घसा खाकरला. "मी मधमाशीपालनाचं पुस्तक वाचलं. माहिती चोख. पण शेवटी एक मुलगा भर चौकात मुलीची माफी मागतो हो... खरं सांगतो, रडलो मी."

एकच हशा पिकला. बाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"काय हो बाइंडर?" ग्रंथपाल मावशी कडाडल्या. "काम दुसऱ्याकडे देऊ का?"

पानं आधीच मिसळून आली होती, असं म्हणता आलं असतं. पण बाईंची खाली गेलेली मान त्याला बघवेना. तो उठला.

"हसायचं तर मला हसा. मी इथेच बसून शिवत होतो, तेव्हा बाई त्या खिडकीशी उभ्या राहून काहीतरी वाचत होत्या... आणि स्वतःशीच हसल्या. त्यानंतर मी कशाला काय जोडलं, मला खरंच ठाऊक नाही."

आता कुणीच हसलं नाही. बाईंनी हळूच वर पाहिलं.

"आणि इतके दिवस बोलला नाहीत?"

"पानांचं मला आत्ताच कळलं..."

"पानांचं कोण विचारतंय!"

बाइंडरचे कान तापले. काका मिशीत हसले. मावशींनी मात्र दोन्ही पुस्तकं त्याच्यापुढे सरकवली. "आजच्या आज नीट शिवून द्या."

"आज नको ना, मावशी." बाईंनी मधमाश्यांचं पुस्तक उचललं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स मांडीवर घेतली. "आधी आम्हा दोघांना खरा शेवट वाचू दे."