कापलेल्या छपराची गाडी

हे ऐकीव नाही, पोरांनो. छगन मेकॅनिक धुळ्यात माझ्या शेजारीच राहतो. मागच्या पौष अमावास्येला, दिवेलागणीनंतर, तो अमळनेरहून निघाला. काम साधंच होतं. युवराजची गाडी तिथे रंगवून तयार होती, ती धुळ्याला आणायची. युवराजची बायको शिल्पा दवाखान्यात होती, म्हणून त्याने छगनला पाठवलं. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले.

गाडी म्हणजे रतिलालशेठची जुनी अँबेसिडर. मागे सामानाला लांब जागा असलेली, स्टेशन वॅगन. शेठचा ड्रायव्हर सुकदेवआबा तिला जन्मभर दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. आबा वारला आणि गाडी शेठच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात पडून राहिली. तिच्यासाठी छगनने शेठकडे किती खेटे घातले. शेठने दिली मात्र युवराजला.

युवराजने छप्पर कापून खाली आणलं, सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं, मागे रुंद टायर घालून बूड उंच केलं. लोक मुद्दाम बघायला यायचे. छगनही जायचा, छान म्हणायचा, आणि घरी येऊन ताटावरून तसाच उठायचा.

त्या रात्री त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला तशी गाडी सुसाट सुटली. इतकी सुरेख, की आपल्या हातून अशी झाली नसती हे त्याला कळलं. तेच त्याला सहन होईना. पुढे एका ओसाड फाट्यावर त्याने गाडी थांबवली, पाना काढला आणि मागून खाली शिरला. ब्रेकच्या नळीचा एक नट. थोडा सैल केला की झालं. सकाळपासून गाडी युवराजच चालवणार होता.

नट हलला.

वर दार वाजलं. कुणीतरी आत बसलं. गाडी दबली... जराशी.

‘‘कोण शे?’’

 मग पत्र्यापलीकडून म्हातारा, शांत आवाज आला.

‘‘बठ्ठा सोडी टाक, भाऊ. माले बी हाईच पाहिजे.’’

सगळा नट सोड म्हणणारा तो आवाज ओळखीचा होता. सुकदेवआबाचा.

गाडी आणखी दबली. सायलेन्सर छातीला टेकला. गरम. श्वास पुरा घेता येईना...

‘‘आबा... परत कसी देस. कसी देस.’’

कबूल केल्याप्रमाणे छगनने पाना उलटा फिरवला.

 नट आवळला. घट्ट आवळला. गाडी हळूहळू वर गेली.

बाहेर येऊन पाहिलं. आत कुणी नव्हतं...

पळणार कुठे? आसपास वस्ती नव्हती. तीच गाडी चालवत तो धुळ्याला पोचला. चावी दिली आणि युवराजला सगळं सांगितलं, नटाचंसुद्धा.  युवराज म्हणाला, सांगितलंस ते बरं केलंस. छगन पुन्हा त्या गाडीत बसला नाही.

सकाळी ड्रायव्हरच्या नव्याकोऱ्या सीटवर खड्डा दिसला. वर्षानुवर्षं एकच माणूस बसत असावा तसा. युवराजने दोनदा फोम बदलून घेतला. रात्री सीट सपाट असते. सकाळी हात लावावा, तर खड्डा तिथेच...

आणि ऊबदार.