साफ केलेले चार चौकोन

१९७४ सालच्या उन्हाळी सुट्टीतली ही गोष्ट. चिमणी आणि तिचा थोरला भाऊ लंबू धापा टाकत टेकडीवर पोचले, तेव्हा वनखात्याचे मोजणीसाहेब मान हलवत होते.

"चार चौकोनांत मिळून झाडावेलींच्या फक्त नऊ जाती! चाळीस तरी हव्यात. नाहीतर हे रान तोडून इथं एकाच जातीची इमारती लाकडाची झाडं लावणार."

राखणकाकांचा चेहरा उतरला. बारा वर्षं गावानं या उघड्या टेकडीवर कुऱ्हाड लावली नव्हती, गुरं सोडली नव्हती. तेव्हा कुठे रान परत आलं होतं. आणि पहिल्या दिवसापासून त्याची राखण करत होते काका!

"दादा, हे बघ ना!" चिमणी कुजबुजली. साहेबांनी काल दोरीनं आखलेल्या चौकोनांत नुसती मोठी झाडं उभी होती. खालची जमीन अंगणासारखी स्वच्छ! "रानात झाडू कुणी मारला?"

"मीच की!" काका ऐटीत म्हणाले. "साहेबांच्या पायात काटे नकोत म्हणून पहाटेच कोयता फिरवला."

"अहो काका! ती रोपटी, त्या वेलीच तर मोजायच्या होत्या!"

काका मटकन खालीच बसले.

साहेबांनी मात्र घड्याळ पाहिलं. "सबबी नकोत. पाचवा चौकोन इथंच वाटेकडेला आखू आणि संपवू. ए मुली, टेपचं टोक धर."

चिमणीनं टोक धरलं आणि थेट दाट जाळीत धूम ठोकली!

"अगं, तिकडे कुठे?"

"टेप अडकली हो साहेब! तुम्हीच या!"

लंबूनं हसू दाबलं. साहेब रांगत आत शिरले. टोपी काट्याला लटकली.

"हे उंबराचं पिल्लू, पाखरानं पेरलेलं," चिमणी बोट दाखवू लागली. "ही वेल वेगळी. आणि त्याला हात नका लावू, खाजतं!"

"आधी नाही सांगायचं?" साहेब हात खाजवत लिहीत राहिले. तासाभरानं ते ओरडले, "त्रेचाळीस! एका चौकोनात त्रेचाळीस! आणि मी नऊ लिहून निघालो होतो!"

त्यांनी जुनं पान टराटरा फाडलं. "शाब्बास पोरांनो! आज रान तुम्ही राखलंत."

"आणि मी झाडून काढलं!" काकांनी डोळे पुसले, आणि सगळेच हसत सुटले.

पुढे साहेब दरवर्षी येत, आणि आधी जाळीत शिरत. लंबू ट्रक चालवू लागला, चिमणी वनस्पतिशास्त्राची शिक्षिका झाली. काकांनी पुन्हा कधी रानात कोयता नेला नाही. दोन पावसाळ्यांत ते चारही चौकोन गच्च भरले. ते नेमके कुठे होते, हे आता चिमणीलासुद्धा सापडत नाही.