क्षिप्रा यादीत नाही

ही हकिगत २०४६ सालच्या मे महिन्यातली. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि उंबरसोंड गावच्या वाचनालयाची सभासद होते. त्या दिवशी वाचनालयातल्या नव्या पडद्यावर अक्षरं उमटली : ‘क्षिप्रा या नावाचा सभासद यादीत नाही.’

भिंतीवर तर छापील यादी लावलेली होती. ग्रंथपाल पालांडेकाकांनी ती वर्षानुवर्षं हाताने जुळवली होती. अर्धं गाव पालांडेच असल्यामुळे आडनावांवरून नाही, नावांवरून. तिच्यात शेवटून दुसरं नाव माझं होतं.

त्याच यादीत नावं शोधणारी पडद्यामागची आज्ञावली (संगणकाने काय करायचं ते सांगणाऱ्या सूचना) माझ्या मृण्मयीमावशीने लिहिली होती. संगणकशास्त्राच्या पदवीची चार वर्षं तिने पुरी केली होती आणि त्याच दिवशी, तिथेच, तिची शेवटची परीक्षा चालू होती. परीक्षक एक यंत्रमानव होता. कागदोपत्री त्याचं नाव प-७. पण पडताळणी करणं हेच त्याचं काम, म्हणून सगळे त्याला पडताळे सर म्हणत.

त्या काळी पदवी नुसत्या गुणांवर मिळत नसे. महाविद्यालयाने सहा अध्ययन निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय जमलं पाहिजे, ते सांगणारी वाक्यं) ठरवल्या होत्या. प्रश्न समजून घेता येईल, तो सोडवायची रीत शोधता येईल, ती संगणकाला सांगता येईल, काम तपासून स्वतःच्या चुका शोधता येतील, इतरांबरोबर काम करता येईल आणि संगणक न शिकलेल्या माणसाला सगळं समजावता येईल. तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असे. “नुसतं येईल, येईल. येणार कोण आहे?” असं माझे वडील मावशीला रोज चिडवायचे.

सहाही जमल्या, तर जुलैत खोल समुद्रातल्या वेधशाळेकडे निघणाऱ्या जहाजावर तिची जागा पक्की होती. एक जरी राहिली, तरी पदवी सहा महिने पुढे.

मी तक्रार घेऊन गेले तेव्हा पहिल्या पाचांपुढे खुणा झाल्या होत्या.

“एवढंच ना?” पालांडेकाका हळूच म्हणाले. “पडद्याला क्ष पचत नसेल, तर तात्पुरतं हिला किप्रा करू. सरांना काय कळतंय.”

“मला ऐकू येतं,” पडताळे सर म्हणाले.

मावशी भिंतीवरची यादी बघत राहिली. मग म्हणाली, “किप्रा नको, काका. चूक माझी आहे.”

“मग सहावी निष्पत्ती यावरच घेऊ,” सर म्हणाले. “चूक हिला समजावा.”

मावशी माझ्याजवळ येऊन बसली. “क्षिपे, या हजार नावांत मी तुला कशी शोधू?”

“पहिल्यापासून वाच.”

“हजार नावं? त्यापेक्षा यादीच्या मधोमध बघायचं. तिथे कोण आहे?”

“पद्मजा.”

“तू तिच्या आधी की नंतर?”

“नंतर.”

“मग आधीचे पाचशे सोडून द्यायचे. उरलेल्यांच्या पुन्हा मधोमध बघायचं. पाचशेचे अडीचशे, अडीचशेचे सव्वाशे. फार तर दहा वेळा बघितलं की माणूस सापडतो. याला म्हणतात द्विभाजन शोध (दर वेळी यादी अर्धी करत शोधायची रीत).”

“पण मी सापडले नाही.”

“वर्णमाला कशी संपते?”

“ह, ळ, क्ष, ज्ञ.”

“म्हणून काकांनी तुला शेवटी ठेवलं. पण संगणक फक्त संकेतांक (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) ओळखतो, आणि क्षला वेगळा संकेतांकच नाही. त्याच्या लेखी तो ‘क’ला जोडलेला ‘ष’.”

मी यादीकडे बघितलं. “म्हणजे तो मला ‘क’मध्ये शोधतोय? पद्मजाच्या आधी?”

“हो.”

“आणि नंतरचे पाचशे सोडून देतोय. त्यातच तर मी आहे.” मग मला आणखी एक सुचलं. “ज्ञ पण जोडाक्षरच ना? मग यादीतला शेवटचा ज्ञानेशदादाही सापडत नसणार.”

मावशीने नाव घातलं. तो सापडला नाही.

“चुकलं कोण? काका की संगणक?” मी विचारलं.

“दोघंही नाही. दोघांचे क्रम वेगळे आहेत, आणि मी काकांना क्रम विचारलाच नाही. तपासायला दोनशे नावं घेतली, त्यात एकही क्ष किंवा ज्ञ नव्हता.”

“सहावी जमली,” पडताळे सर म्हणाले. “ज्ञानेशचं उदाहरण तुम्ही दिलं नव्हतं. ते तिने काढलं, म्हणजे तिला समजलं. आता चौथी. स्वतःच्या चुका शोधता येतील. ही क्षिप्राने शोधली. खूण पुसतो.”

“अहो सर, तिचं जहाज जाईल,” काका म्हणाले.

“जाईल. समुद्राखाली चूक दाखवायला क्षिप्रा नसेल.”

घरी जाताना मी मावशीला विचारलं, “मी आज आलेच नसते तर?”

“तर उद्या आली असतीस,” ती म्हणाली.

जहाज तिला न घेता गेलं. शोधण्याआधी यादीचा क्रम विचारून घेणारी आज्ञावली तिने नव्याने लिहिली, हजारच्या हजार नावांवर तपासली आणि डिसेंबरात पदवी घेतली. पुढच्या जहाजाने ती वेधशाळेत गेली आणि तिथे अठरा वर्षं राहिली. पालांडेकाका नव्वदीपर्यंत यादी हातानेच जुळवत होते. पडताळे सरांचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा महाविद्यालयाने त्यांना निवृत्त केलं. ते आता दाराशी बसून नव्या मुलांना वर्गाची वाट सांगतात.

मी अक्षरांच्या क्रमाचंच काम करत राहिले. गेल्या महिन्यात मंगळावरच्या वसाहतीतून पत्र आलं. तिथल्या मुलांनी एका नव्या आवाजासाठी अक्षर तयार केलं आहे, ते वर्णमालेत कुठे ठेवायचं, असं त्यांनी विचारलं होतं. मी उलट विचारलं आहे, की मुलं वर्णमाला म्हणताना ते कुठे म्हणतात. उत्तर यायचं आहे.