चौदा नंबरचा मिस्ड कॉल

बुधवारी सकाळी रिया धापा टाकत झहीरमामूंच्या दुकानात शिरली. "सानिया, हिरामण आबा म्हणतात त्यांनी काल तीनदा फोन केला. आमचा तर एकदाही वाजला नाही!"

सानियाने हातातला स्क्रू डबीत ठेवला. "दुकानातलाही नाही वाजला," ती म्हणाली.

खालापूरच्या पुढे नाक्यावर झहीरमामूंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे एक जुना कॉम्प्युटर भंगारात जायची वाट बघत पडला होता. मे महिन्याच्या सुट्टीत सानियाने तो मामूंकडून मागून घेतला. आता ती नववीत जाणार होती. दहा दिवस खटपट करून तिने त्यावर इंटरनेटवरून चालणारं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बसवलं. एकूण पाच नंबर, प्रत्येकाच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवर वाजणारे. अकरा दुकानाचा, बारा सानियाचा, तेरा रिया आणि तिचा धाकटा भाऊ रुद्र यांचा, चौदा हिरामण आबांचा आणि पंधरा आबांच्या मुलाचा, म्हणजे धनेशदादाचा. दुकानाचं वायफाय पुढे पोचावं म्हणून रियाच्या गच्चीवर आणखी एक डबा लावला होता. आबांचं घर रियाच्या घरामागेच. जवळचा टॉवर यंदा बंद झाल्यापासून तिथे मोबाइलला रेंज अजिबात नव्हती. बोलायचं तर पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जावं लागे.

मुलांना हा खेळ होता. आबांना नव्हता. मागच्या दिवाळीत आबांच्या पत्नी अंबाबाई गेल्या आणि आबा घरात एकटे राहिले. धनेश रसायनीला कारखान्यात कामाला, राहायला मोहोपाड्याच्या कॉलनीत. बापाला साखरेचा आजार, मधूनच साखर उतरते, म्हणून तो त्यांना तिकडे चला म्हणत होता. आबा घर सोडायला तयार नव्हते. शेवटी ठरलं, की पंधरा दिवस हा फोन वापरून बघायचा. हाक मारल्यावर माणूस येत असेल तर आबा इथेच राहतील.

आणि मंगळवारी दुपारी साखर उतरली. आबांनी फोन केले, कोणी आलं नाही. गुळाचा खडा हाताला लागला म्हणून निभावलं. संध्याकाळी धनेश येऊन सांगून गेला, की रविवारी टेंपो आणतो, सामान बांधून ठेवा.

सानियाने मशीनमधली कॉलची यादी उघडली. मंगळवारी चौदावरून तीन फोन लागले होते. दोन सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद. प्रत्येक वेळी मध्येच कापलेले.

रुद्रला खात्री होती, की बाहेरचा कोणीतरी मशीनमध्ये घुसून फोन कापतोय. त्याने दोन गुन्हेगारांची नावंही सुचवली. त्यातलं एक त्याच्या गणिताच्या सरांचं होतं. तरी सानियाने सगळे पासवर्ड बदलले. गुरुवारी आबांनी पुन्हा लावून पाहिलं, तर यादीत तसेच दोन फोन. मग रिया म्हणाली, हँडसेटच बिघडला असेल. मामूंनी दुसरा दिला. शुक्रवारी पुन्हा तेच.

शेवटी सानिया आबांच्या ओटीवर जाऊन बसली. "आबा, माझ्यासमोर दुकानाला फोन लावा."

आबांनी अकरा दाबले, फोन कानाला लावला, एक घंटी ऐकली आणि अंगठ्याने कापून टाकला. मग शांतपणे फोन मांडीवर ठेवला.

"का कापला?"

"मिस कॉल दिला ना. आता येतील."

आबांना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मोबाइल आल्यापासून ते असंच करत होते. शेतातून निघताना अंबाबाईंना एक घंटी द्यायची. "तिकडं ती तवा ठेवायची," ते म्हणाले. "बोलायचं काय त्यात? घरी येऊनच बोलायचं."

आता सानियाला कळलं. लावणाऱ्याच्या कानात घंटी लगेच वाजते. पण समोरचा फोन झोपलेला असतो, त्याला जागं व्हायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात आबा कापून मोकळे! तिने त्यांना धरून ठेवायला शिकवलं. आबांनी पाच वेळा मान डोलावली आणि पाचही वेळा कापला.

"बोट ऐकत नाय गं," ते ओशाळून म्हणाले.

परतताना सानिया रियाला म्हणाली, "आबांची सवय बदलणार नाही. मशीनची बदलू."

शनिवारचा पूर्ण दिवस त्यात गेला. चौदावरून आलेला फोन कोणी उचलायच्या आत कापला गेला, तर मशीनने बाकीच्या चारही फोनना आपणहून घंटी द्यायची आणि कोणी उचलेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या प्रयत्नात फोन उचलल्यावरही वाजत राहिले आणि मामूंनी प्लग उपटायची धमकी दिली. पाचव्या प्रयत्नात जमलं.

रविवारी दहा वाजता टेंपो नाक्यावर उभा राहिला. धनेश चहाला दुकानात आला. सानिया त्याला नवी युक्ती सांगू लागली, तर त्याने हातानेच थांबवलं.

"हुशार आहेस गं तू. पण हा पोरांचा खेळ आहे. माझ्या बापाचा जीव त्याच्यावर नको टांगू."

मामू त्याला समजावत होते, तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. लगेच सानियाच्या हातातला. आणि धनेशच्या खिशातलाही. तिन्हींवर एकच आकडा होता, चौदा.

धनेशने उचलला. "हॅलो? आबा? हॅलो?" पलीकडे काहीच नाही.

"ते बोलणार नाहीत, दादा," सानिया म्हणाली. "पळा!"

ते पोचले तेव्हा तेरा नंबरवाले आधीच हजर होते. आबा उंबऱ्यात बसले होते, अंगाला घाम, हात थरथरत होते. रियाने त्यांना पाठीमागून धरलं होतं आणि रुद्र साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजत होता. दहा-पंधरा मिनिटांत आबांची नजर स्थिर झाली.

धनेश त्यांच्या पायाशी बसून होता. सानियाने त्याला एका घंटीची गोष्ट सांगितली. त्याने आबांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, की मोबाइलवरही त्याला आबांचे असे कितीतरी मिस्ड कॉल यायचे. चुकून लागला असेल समजून त्याने एकालाही उलट फोन केला नव्हता.

"बापाची रीत मला ठाऊक नव्हती, ती या पोरीने चार दिवसांत शोधली," तो मामूंना म्हणाला.

मामूंनी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. तो कॉम्प्युटर आता भंगारात जात नाही."

धनेशने आधी आबांना खोपोलीला डॉक्टरकडे नेऊन गोळ्यांचं प्रमाण विचारून घ्यायचं ठरवलं. मग बाहेर जाऊन टेंपोवाल्याला रिकामाच परत पाठवला.

आबांनी अंगणात जमलेली माणसं एकेक करून पाहिली.

"एका घंटीला एवढी मानसं? अरं, च्याला दूध नाय घरात."

रुद्र किटली घेऊन दुधाला पळाला.